सहा शून्यांचा निकाल

आज सकाळपासून आमच्या घरात कुणी कुणावर हात उगारलेला नाही, एवढंच काय ते म्हणता येईल. नातीचा, सईचा, दहावीचा निकाल दुपारी एकला आहे. सूनबाई साडेनऊपासून कांदा चिरताहेत. एवढा कांदा आम्हाला आठवड्यात लागत नाही, पण सुरी चालली पाहिजे. चिरंजीवांनी बाथरूमचं दार असं आपटलं की माळ्यावरचा पितळी डबा स्वतःहून खाली आला. आणि सई फोन उशीखाली दाबून त्या उशीवर बसली आहे.

“गुदमरेल की गं तो,” मी म्हटलं.

“आजी, प्लीज.”

या ‘प्लीज’नं भोपळा चिरता आला असता.

लोकांना जून महिन्यात मातीचा वास येतो म्हणे. मला वंगणाचा येतो. काळं, जळकं, कुठल्याशा टेम्पोच्या इंजिनातून काढलेलं वंगण. तो वास नाकात शिरला की समजावं, निकालाचे दिवस आले. आणि निकालाचे दिवस म्हणजे मारामारीचे दिवस. आपली भाषाच सांगते. पोरगं पास झालं तर ‘सुटलं’, म्हणजे तोवर ते फासावरच होतं. नापास झालं तर आपटलं, उडालं, गचकलं, लटकलं. अवघड पेपर मुलांना ‘मारतो’. तपासणारा मार्क ‘कापतो’. सबंध परीक्षेच्या शब्दकोशात हळदकुंकू लावावं असा एक शब्द नाही. आम्ही तोच बोलत वाढलो, तोच मुलांना पाजला, आणि मग म्हणायचं, मुलं अलीकडे फार ताण घेतात.

मला अजून सभांना बोलावतात. ‘इंटरनेट आणि माध्यम क्षेत्रातल्या ज्येष्ठ उद्योजिका’ अशी ओळख करून देतात, शाल घालतात, हल्ली नारळाऐवजी रोप देतात. आमच्या गॅलरीत सत्काराचं जंगल झालंय. मग मी एक फोटो दाखवते. फोटोत माझा चेहरा काळाकुट्ट आहे, फक्त डोळे आणि दात तेवढे पांढरे, आजूबाजूला फुटलेले मॉनिटर. मी म्हणते, “माझ्या ऑफिसवर जमाव चालून आला, मला काळं फासलं, पण मी डगमगले नाही.” टाळ्या पडतात. डगमगले नाही हे खरंच आहे. टेबलाच्या पायाखाली साडी अडकली होती, डगमगायला वावच नव्हता.

आमचे हे होते तोवर शेवटच्या रांगेत बसून ऐकायचे आणि घरी येताना म्हणायचे, “आज जमाव बराच वाढला की. मागच्या भाषणात चाळीस होते.”

त्या फोटोच्या आधी काय झालं आणि नंतर कुठं गेले, हे मी कुठल्याच सभेत सांगितलेलं नाही. आज सांगते. घरात सगळे एकमेकांकडे पाठ करून बसलेत, म्हातारीला लिहायला निवांतपणा आहे.

शतक संपायला आलं होतं. ती मी, म्हणजे तेव्हाची मी, सेहेचाळीस वर्षांची, केस खांद्यावर कापलेले, हातात विटेएवढा मोबाइल, ओठांवर तपकिरी लिपस्टिक आणि तोंडी इंग्रजी. ‘मीडिया’ म्हणताना मान जराशी तिरकी करायची. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मान धरून पाण्याच्या पिंपात बुडवीन, आणि बाहेर काढल्यावर विचारीन, आता बोल, ‘व्हिजन’ म्हणजे काय?

सुरुवात केली होती छोट्या जाहिरातींच्या फुकट पानापासून. फ्रीज विकणे आहे, गृहकृत्यदक्ष वधू पाहिजे, डबे मिळतील. मग केबलवर अर्ध्या तासाच्या स्थानिक बातम्या. मग इंटरनेट. देशाची दारं उघडली असं तेव्हा सगळे म्हणत. मला वाटलं दार माझ्यासाठीच उघडलंय, म्हणून मी लाथ मारून आत शिरले. बिबवेवाडीत एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या घेतल्या. खाली गिरणीचा पट्टा सटासट वाजायचा, वर मोडेम किंचाळायचा. जोडणी होताना तो असा आवाज करी की जणू कुणी कोंबडीची मान मुरगळतंय, आणि ती मेली की आम्ही आनंदानं म्हणायचो, “लागलं!”

केबलवर लोक काय बघतात ते मला पहिल्या महिन्यातच कळलं. वृक्षारोपण दाखवलं की चॅनेल बदलतात. काच फुटताना दाखवली की घास हातात राहतो. मग मी काचा दाखवू लागले. काचा फोडणारेही सोयीचे होते. आधी फोन करायचे. त्यांच्यातला एक अप्पा, कुठल्याशा विद्यार्थी संघटनेचा पुढारी, वय पस्तीस, विद्यार्थी तो कधी होता हे कुणालाच आठवत नव्हतं. त्याचा फोन असा यायचा: “मॅडम, उद्या सकाळी अकराला काळं फासायचं आहे. उजेड चांगला असतो त्या वेळी. माणूस पाठवता का?”

मी पाठवायची. एकदा तर स्वतः गेले.

त्या वर्षीचा मे महिना होता. एका कॉलेजातले ऑफिसचे अधीक्षक. देणग्यांवरून आंदोलन चाललं होतं. देणग्या घेणारे दुसरेच होते, पण ते कधी जागेवर सापडत नसत आणि अधीक्षक साडेदहा ते साडेपाच जागेवरच असत. अप्पानं डबा उघडला, हात बुडवला, त्यांच्या दोन्ही गालांवर फासला. घोषणा झाल्या. तेवढ्यात आमचा कॅमेरामन माझ्या कानाशी लागला, “मॅडम, फोकस गेला.”

आणि मी, मान जराशी तिरकी करून, म्हणाले, “अप्पा, जरा पुन्हा होईल का? उजव्या बाजूनं?”

अप्पा म्हणाला, “होईल की.” त्या अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या खेपेला बरबटलेला चष्मा त्यांनी काढला, धोतरानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला, घडी घालून हातात धरला आणि चेहरा पुढे केला. दुसरी खेप झकास आली. संध्याकाळच्या बातम्यांत तीनदा दाखवली. घरी हे फक्त एवढंच म्हणाले, “चित्रण सुरेख. त्या माणसाला सांग, पुढच्या वेळी मेकअप घरूनच करून ये.” मी हसले होते. त्यांना विनोद करायचा नव्हता हे कळायला मला महिना लागला.

तर जून. दहावीचा निकाल पहिल्यांदाच घराघरांतून, निदान कॅफेकॅफेतून, इंटरनेटवर दिसणार होता. मुंबईच्या मोठमोठ्या साइट दाखवणार होत्या, आणि त्यांच्यात बिबवेवाडीची मी. मला त्यांच्या आधी दाखवायचा होता. दहा मिनिटं आधी, पाच मिनिटं आधी, पण आधी.

आमच्याकडे प्रोग्राम लिहायचे जोगळेकर. कारखान्याच्या संगणक विभागातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आलेले, पंचावन्न वर्षांचे, खिशाला पेन. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, “मॅडम, नंबर टाकल्यावर उत्तरं किती ठेवायची?”

“दोन. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण.”

“आणि नंबर यादीत सापडलाच नाही तर?”

“न सापडायला काय झालं? सगळी यादी आपल्याकडे असणार.”

“तरी पण. समजा.”

“जोगळेकर, लोकांना गोंधळात टाकू नका. ज्याचा नंबर उत्तीर्णांत नाही तो नापास. पूर्वी पेपरात निकाल यायचा तेव्हा हेच होतं की नाही?”

“आपण म्हणाल तसं,” ते म्हणाले. “मी विचारलं होतं, एवढी नोंद करून ठेवतो.” आणि पेन काढून खरोखरच वहीत लिहिलं.

पेपरात नंबर नाही म्हणजे नापास. आमच्या पिढीची सगळी सकाळ त्या एका वाक्यावर उभी असायची. वर्तमानपत्र अंगणात पसरून बोट फिरवायचं; बोट थांबलं तर पेढे, नाही थांबलं तर पट्टा. छापणाऱ्यानं एखादी ओळ गाळली असेल ही शंका कुणाला यायची नाही, आणि आली तरी पट्टा मारून झाल्यावर. तीच रीत मी उचलून नव्या मशीनमध्ये घातली आणि त्याला नवं युग म्हणाले.

सकाळी निकालाच्या पाच सीडी आल्या. एकेक चढवायला वेळ लागत होता. मी घड्याळाकडे बघत जोगळेकरांच्या डोक्यावर उभी. अकराला दहा कमी असताना म्हटलं, “सोडा.” त्यांनी विचारलं, “सगळ्या झाल्या?” मी म्हटलं, “झाल्या.” मी मोजल्या नव्हत्या. टाळ्या वाजल्या, पेढ्यांचा मोठा खोका उघडला. साइटवर किती लोक आले ते दाखवणारा आकडा घरघर फिरायला लागला आणि मी त्याच्यासमोर, देवासमोर बसावं तशी, बसून राहिले.

अकरा वाजून गेल्यावर पहिला फोन आला. एक बाई रडत होती. “अहो, ह्यांनी पोराला पट्ट्यानं झोडपलंय. तो म्हणतोय मी पास आहे. तुम्ही जरा परत बघता का?” मागून आवाज येत होता. पट्ट्याचा की आणखी कशाचा कोण जाणे, पण लयीत येत होता.

मी काय म्हणाले असेन? “ताई, कॉम्प्युटर चुकत नसतो. माणूस चुकतो.” आणि फोन ठेवला. आवडलं मला ते वाक्य. दुसऱ्या फोनवर पुन्हा म्हटलं. तिसऱ्यावर तर हसून. चौथा माणूस गरजला, “माझ्या पोरीनं वर्षभर टीव्ही पाहिला नाही, आणि तू तिला नापास करतेस? कुठंय तुझं ऑफिस?”

“साइटवर ठळक अक्षरांत दिलंय,” मी अभिमानानं म्हणाले. बाकी कुठल्याच साइटवर पत्ता नव्हता. आमच्यावर होता, ‘गिरणीच्या वर’ या खुणेसकट.

पाऊण वाजता पहिला दगड आला. खिडकीची काच आत येऊन पडली ती थेट पेढ्यांत. मग जिन्यावर पावलं. गिरणीवाल्यानं खाली पट्टा बंद केला, त्यामुळे ती पावलं फार स्पष्ट ऐकू आली. दार कुणी वाजवलं नाही. ते बिजागरीतून निघून आत आलं. आईबाप होते, मामा-काका होते, हातात हॉकी, सायकलची साखळी, खुर्चीचे पाय. नापास पोराला मारून मोकळे झालेले हात होते ते, पण पुरतं मोकळं झालेलं नव्हतं काहीच. पहिला मॉनिटर जमिनीवर आपटला तेव्हा त्याच्यातून बार उडाल्यासारखा आवाज निघाला. लोक दचकून मागे सरले, आणि मग त्यांना ती मजा कळली. दुसरा, तिसरा. प्रिंटरला एका गृहस्थानं चपलेनं मारलं. खरंच, पायातली काढून, एखाद्या माणसाला मारावं तसं, शिव्या देत. जोगळेकरांनी हात मध्ये घातला, त्यांच्या तळव्यावरून काच फिरली. मी टेबलावर चढायला गेले, साडी अडकली, आणि तशीच वाकडी उभी राहून मी ओरडत होते, “कॉम्प्युटर चुकत नसतो!”

असली शूर बाई.

तेवढ्यात अप्पा आला. त्याला फोटोवाल्यांना जमवायला वेळ लागला होता. “मॅडम,” तो अदबीनं म्हणाला, “तुमचा माणूस तयार आहे ना? एकदाच करू. पुन्हा पुन्हा तुम्हाला त्रास नको. चष्मा काढता?”

आमचा कॅमेरामन कपाटावर चढून बसला होता. त्याचा कॅमेरा चालूच होता. मीच शिकवलं होतं तसं. मी चष्मा काढला, माझ्या हातानं. आणि काढताक्षणी मला ते अधीक्षक समजले. चष्मा काचेसाठी काढत नाहीत. समोर कोण कोण उभं राहून बघतंय ते दिसू नये म्हणून काढतात.

वंगण गार असतं. हे कुणी सांगत नाही. कपाळावरून ओघळून ते डोळ्यात गेलं आणि जग धूसर झालं, आणि त्या धुरकटात मला एक माणूस दिसला जो काहीच फोडत नव्हता. बारीक, खाकी शर्ट, हडपसरकडच्या कुठल्याशा कारखान्याचा बिल्ला खिशाला. कोपऱ्यात आमचा मुख्य संगणक होता, उभा डबा. सगळा निकाल त्यात होता आणि अजून चालू होता. एक जण खुर्चीचा पाय घेऊन त्याच्याकडे निघाला तसा हा माणूस आडवा आला, हात पसरून.

“फोडू नोका नं बाप्पा! माह्या पोरीचा निकाल हाय याच्यात!”

“बाजूला हो.”

“बाकी सारं फोडा. हे नोका.”

मारणाऱ्याचा हात आधीच वर गेला होता. वर गेलेला हात रिकामा खाली यायला लाजतो. हे मी त्या दिवसात फार पाहिलं. खुर्चीचा पाय त्या माणसाच्या डोक्यावर बसला. तो खाली गेला, पण डबा सोडला नाही. लेकरू कवटाळावं तसा कवटाळून बसला, आणि पाठीवर आणखी दोन बसले ते त्यानं मोजल्यासारखे घेतले. रक्त कानामागून वाहत पांढऱ्या डब्यावर आलं. रक्त दिसल्यावर आपली गर्दी दोन गोष्टी करते. अर्धी पळते, अर्धी सल्ला देते. पाच मिनिटांत खोलीत उरलो आम्ही तिघं, कपाटावरचा कॅमेरा, आणि एक गृहस्थ जे हळद शोधत होते.

त्याचं नाव मेश्राम. भंडाऱ्याकडून पोटासाठी पुण्यात आलेला, मशीन चालवणारा. सकाळी सुट्टी टाकून पोरीला, वैशालीला, गाडीतळाजवळच्या कॅफेत घेऊन गेला होता. निकाल दिसला: अनुत्तीर्ण. कॅफे भरलेला, सगळे बघत होते.

“ती म्हने, बाबा, मशीन खोटं बोलून राह्यली. म्या तिले हानलं. आजवर कधी बोट नाही लावलं तिले. कानातून रगत आलं.” डोक्यावर माझ्या साडीचा फाडलेला पदर बांधून घेत तो सांगत होता, जसं काही ते रक्त त्याच्या डोक्याचं नव्हतंच. “उठून गेली. जाताना म्हने, मी खोटी ठरली तर घरी येत नाही, अन् खरी ठरली तरी येईन का ते पाहा. साऱ्या हडपसरात पाह्यलं. कुठंच नाही. मंग मशीनवर तुमचा पत्ता होता. मले फक्त सांगा, कोन खोटं बोललं? ती का हे?”

मी तोंड उघडलं. ते वाक्य जिभेवर तयार होतं, चौथ्यांदा वापरलेलं. तेवढ्यात उलट्या पडलेल्या टेबलाखाली फोन वाजला.

मुलीचा आवाज होता, शांत, जरा जास्तच. “तुमच्या साइटवर तुम्ही सहा शून्यं टाकून बघितलीत का?”

“काय?”

“सहा शून्यं. असा सीट नंबर नसतो. तरी अनुत्तीर्ण येतंय. मग सगळे नऊ टाकले, तेही अनुत्तीर्ण. आमच्या घराचा नंबर टाकला, बसचा टाकला. सगळे नापास. ज्याला ते ओळखत नाही त्याला ते नापास म्हणतं. एवढंच आहे ते. मी सकाळपासून बघतेय.”

“बाळ, कुठून बोलतेस तू?”

“गाडीतळाजवळच्या कॅफेतून. बाबा शोधायला निघाले, तशी मी परत येऊन बसले. इथले काका पैसे घेत नाहीयेत माझ्याकडून. कान सुजलाय म्हणून असेल.”

मी जोगळेकरांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. फोनचा आवाज मोठा होता. चांगल्या हातानं खिशातलं पेन काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. मग वाकून, चिरडलेल्या पेढ्यांचा खोका उचलला. त्याच्याखाली, कव्हरातून न काढलेली, पाचवी सीडी होती.

आता एक वाजून गेला आहे. सईचा निकाल लागला, चांगला लागला. सूनबाई रडल्या, कांद्याचं निमित्त होतंच, आता त्या सगळ्या कांद्याची भजी होणार आहेत. चिरंजीव डबा माळ्यावर ठेवताहेत. या घरातलं युद्ध संपलं. मला मात्र अजून हडपसरला पोचायचंय.

आम्ही रिक्षा थांबवली. मी काळी, मेश्राम लाल. रिक्षावाल्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “सीटला लागेल. पेपर घ्या खाली.” मग कोंढव्याच्या रस्त्यानं निघालो. मेश्राम उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. मी विचारलं, हाताला पण लागलंय का? तो म्हणाला, “नाही. ह्यानंच मारलं नं.”

आणि मी त्या रिक्षात काय विचार करत होते, सांगू? फोटो नीट आला असेल का. खोटं कशाला बोलू या वयात. उद्याच्या पेपरात कुठल्या पानावर येईल, हे डोक्यात होतं. तो आला, पहिल्या पानावर आला. साइटवर एवढी गर्दी झाली की मुंबईहून कोट घातलेले लोक भेटायला आले आणि वर्षभरात त्यांनी ती विकत घेतली, आणि आणखी दोन वर्षांत मारून टाकली. माझी पुढची सगळी वर्षं, दुसरी कंपनी, तिसरी, शाली, रोपं, त्या एका फोटोवर उभी राहिली. माफीनामा आम्ही छापला. ‘तांत्रिक बिघाडामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ बिघाड! पट्टा, हॉकी, एक फुटलेला कान, किती घरांत आणखी काय काय, आणि गैरसोय. चूक कुणी शोधली त्या मुलीचं नाव त्यात नव्हतं. ते लिहायचं मला सुचलंच नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सुचलं होतं. त्यात माझं नाव लहान झालं असतं.

कॅफेत प्लायवूडच्या खोपट्यांची रांग होती, प्रत्येकाला पडदा. शेवटच्याचा पडदा उघडा होता. पोरगी पाठमोरी, दोन वेण्या, पांढऱ्या रिबनी. डाव्या कानावर कुणीतरी दिलेला बर्फाचा रुमाल वितळून खांदा भिजला होता. आम्ही आत गेल्यावर सगळा कॅफे वळून बघू लागला. ती मात्र वळली नाही. मॉनिटरच्या काचेत आम्ही तिला दिसलो असणार.

तेवढ्या वेळात जोगळेकरांनी वाचलेल्या एकुलत्या मॉनिटरवर पाचवी सीडी चढवली होती. तिनं नंबर टाकला. उत्तीर्ण. टक्के चांगले होते, गणितात तर एकच मार्क गेला होता. मेश्रामनं ते वाचलं. दोनदा वाचलं असावं, ओठ हलत होते. मग म्हणाला, “चाल बेटा. घरी चाल.”

तिनं बॅकस्पेस दाबून नंबर पुसला. सहा शून्यं टाकली. अनुत्तीर्ण.

“हे अजून तसंच आहे,” ती मला म्हणाली, आरशातल्या माणसाशी बोलावं तशी.

“अगं, पण तुझा आला ना आता. बाकीच्यांचेही आले.”

“माझा आला म्हणून हे बरोबर झालं?”

“उद्या करू. ऑफिस सगळं फुटलंय, आमच्या माणसाच्या हाताला टाके पडायचेत. घरी जा, बाबा किती—”

“आत्ता करा. नाहीतर मी उठत नाही.” खुर्चीच्या दोन्ही कडा तिनं हातांनी घट्ट धरल्या. बोटं पांढरी झाली. “उद्या कुणी चुकून एक आकडा चुकीचा टाकला, की परत कुणीतरी मार खाणार. मला काय, मला बसलाय. आत्ता करा.”

मेश्राम माझ्याकडे बघत होता. त्याच्या पोरीचं घरी येणं आता माझ्या हातात होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी मान तिरकी झाली नाही. कॅफेतल्या फोनवरून मी ऑफिसला फोन लावला. म्हटलं, “जोगळेकर, तिसरं उत्तर घाला.”

“काय लिहू?” ते म्हणाले. फक्त एवढंच विचारलं. तो माणूस देव होता की पुणेकर, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी वैशालीकडे पाहिलं. ती म्हणाली, “लिहा, हा नंबर आम्हाला माहीत नाही.”

एका हातानं टाइप करायला त्यांना पाऊण तास लागला. आम्ही तिघं त्या खोपट्यात बसून राहिलो. कॅफेवाल्यानं मला चेहरा पुसायला रॉकेलचं फडकं दिलं, ते मी हातात धरून बसले. मग तिनं पुन्हा शून्यं टाकली, मोजून, एक एक. पडद्यावर तिची ओळ आली. तिनं ती वाचली. नऊ टाकून पाहिले. घराचा नंबर टाकून पाहिला. मग खुर्ची मागे सारून उठली.

“चला बाबा,” ती म्हणाली.

मेश्रामचा चेहरा असा उजळला की पदरावरचं रक्तही मला दिसेनासं झालं. तो एक पाऊल पुढे झाला आणि तिच्या डोक्यावरून फिरवायला त्यानं हात वर नेला.

तिचा कोपर आपोआप वर आला. कानावर. डोळे मिटलेले, मान खांद्यात.

क्षणभरच. लगेच तिनं हात खाली घेतला, ओशाळल्यासारखी हसलीही. पण त्यानं पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. त्याचा हात तिथंच, तिच्या वेणीपासून वीतभर वर, थांबला होता. मारामारीच्या त्या अख्ख्या दिवसात तेवढं भयंकर मी काही पाहिलं नाही.

त्यानं तो हात सावकाश मागे घेतला. दुसराही घेतला. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले, आणि मग तिच्या पुढे होऊन चालू लागला, तिला ते सारखे दिसत राहतील असा. ती चार पावलं मागून निघाली. गाडीतळाच्या गर्दीत ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत त्यानं ते हात सोडले नाहीत.